नागपूर ते लोणार, समृद्धी सोडून: वाटेत काय पाहावं?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको कारने निघतोय, समृद्धीवर दोघांनाही झोप येते म्हणून अमरावती-मूर्तिजापूरच्या जुन्या हायवेने जायचं ठरवलंय. छोटी गावं, काही हटके असेल तर सांगा ना, रिसॉर्ट-बिसॉर्ट नको.

उत्तर: भाऊ, बाळापूरले थांबाच. मन आन् म्हैस नदीच्या संगमावर किल्ला हाये, गावातच मिर्झाराजे जयसिंगाची छत्री. तिथून शेगाव जवळच, दर्शन घ्या आन् कचोरी खा, पण कढईतून निघाली असंल तरच, संग तळलेली मिरची मागून घ्याजा.

उत्तर: नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान हायवेवरूनच दिसते. फेरा पडते थोडा, पण वहिनींचे फोटो भारी येतील. लोणारात लोक सरोवर पाहून लगेच पलटतात, तुम्ही मोठ्या मारुतीले जा, तो चक्क आडवा झोपून हाये!

प्रश्नकर्ता: आणि ते गुलाबी पाणी?

उत्तर: ते २०२० च्या जूनमध्ये झालं होतं, रोज नसते. बायकोला आधीच सांगून ठेवा 😄 खाली उतरायचं तर सकाळीच, काठाला वास येतो, बूट घाला. दैत्यसूदन मंदिर गावातच आहे, बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम निवांत बघा.