वादळाचं उरलेलं पाणी

'चक्रीवादळ हा किनाऱ्यावरच्यांचा प्रश्न, विदर्भात फार तर आभाळ येतं' हे मत वाऱ्यापुरतं बरोबर आहे. पाण्याचं तसं नाही. जमिनीवर आलं की वादळाचा जोर तुटतो, पण बाष्प घेऊन तो कमी दाबाचा पट्टा पुढे सरकत राहतो. 'गुलाब' चक्रीवादळ 26 सप्टेंबर 2021 ला आंध्रच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ धडकलं आणि 28 ला यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर एसटी वाहून गेली. म्हणजे हातात दीड-दोन दिवस असतात. बातम्यांत 'वादळ विरलं' म्हटलं की आपण निर्धास्त होतो, खरं तर नागपूर वेधशाळेचा जिल्हावार इशारा तेव्हापासूनच बघायचा. रपट्याच्या, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या, खांबावर 30 आणि 60 सेंटीमीटरवर लाल पट्टे मारून ठेवा. वाहत्या पाण्यात 30 ला लहान कार सरकते, 60 ला मोठी वाहनंही तरंगू लागतात. गावात थेंब नसतानाही वरच्या अंगाला पडलेला पाऊस नाला भरतो, हे तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

दुसरं, सोयाबीन. ऐन कापणीत इशारा आला तर उभं असेल ते उभंच राहू द्या, कापून जमिनीवर पसरलेलं आधी भिजतं. कापलेल्याची गंजी उंचवट्यावर, खाली पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) किंवा तुराट्यांचा (तुरीच्या काड्यांचा) थर, भोवती वीतभर खोल चर. ताडपत्री वरून उताराची बांधा, पण ओल्या गंजीला चारी बाजूंनी आवळू नका. आत वाफ धरते, दाणा काळा पडतो, शेंगेतच कोंब फुटतात. उघडीप मिळाली की ताडपत्री लगेच काढून टाका.