दिवाळीच्या आधी आपल्या सोसायटीतल्या फौजी घरांबद्दल

वैशाली, बी-३०४:
नमस्कार मंडळी. दिवाळीला बारा दिवस राहिलेत. कंदील, किल्ला, फराळाच्या ऑर्डरी यांचे मेसेज चालूच आहेत, त्यात माझा एक विषय घ्या. मेसेज मोठा आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री पावणेअकराला आपल्या विंगच्या पार्किंगमध्ये कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. वर स्लॅब, तीन बाजूंनी भिंती, त्यामुळे आवाज जिन्यातून थेट वर आला. माझे सासरे दारातल्या पणत्यांमध्ये तेल घालत होते. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ते चपलांच्या स्टँडशेजारी पालथे पडले होते आणि माझा चार वर्षांचा मुलगा त्यांच्या छातीखाली होता. त्याचं डोकं दोन्ही हातांनी झाकून ते माझ्यावर ओरडत होते, "खाली हो, खाली हो!" तेलाची वाटी कलंडून फरशीभर तेल झालेलं. मला वाटलं घसरून पडले, म्हणून मी मागून खांद्याला हात लावला. त्यांनी माझं मनगट असं काही धरलं की चार दिवस वळ दिसत होते.

बाबा तोफखान्यात होते. १९९९ साली द्रासला. घरात ते त्याबद्दल बोलत नाहीत. त्या रात्री जेवले नाहीत, झोपलेही नाहीत. पाडव्याच्या पहाटे मी उठले तर साबणाचं पाणी घेऊन दारातली फरशी घासत होते. "तेल राहिलं तर कोणीतरी पडेल," एवढंच म्हणाले.

बाबांना विचारूनच हे लिहितेय. फटाके बंद करा असं ते म्हणत नाहीत, मीही नाही. ठरलेल्या वेळी, समोरच्या मोकळ्या जागेत उडवले तर ते गॅलरीत बसून नातवाबरोबर बघतात. त्रास होतो तो अवचित आवाजाचा. ज्याने बॉम्ब लावला त्याला तरी कुठे माहीत होतं? म्हणून सांगतेय.

जोशी काका, सेक्रेटरी:
वैशाली, लिहिलंस ते फार बरं केलंस. मंडळी, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली आहे. फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर आवाज १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, असाही नियम आहे. आपण दरवर्षी लिफ्टमध्ये नोटीस लावतो आणि दहानंतर खाली कोण काय करतंय हे बघायला कोणी उतरत नाही. ही कमिटीची चूक आहे. यंदा मी आणि खजिनदार दोघे दहा ते बारा खाली थांबणार. पार्किंगमध्ये एकही फटाका नको, तिथे गाड्यांच्या टाक्या आहेत, हे तर वेगळं सांगायलाच नको.

निखिल, ए-६०२:
वैशालीताई, वाचून फार वाईट वाटलं. मागच्या वर्षी आम्ही पोरं दहाला वर गेलो होतो, पण त्यानंतरचं माहीत नाही. यंदा फटाके फक्त क्लब हाउसच्या मागच्या मोकळ्या जागेत, बरोबर आठला सुरू. आठला दहा मिनिटं असताना मी ग्रुपवर मेसेज टाकतो आणि ज्यांना हवं असेल त्यांच्या दाराची बेल वाजवून सांगून येतो. कोणाकोणाकडे जायचं ते मला पर्सनलवर कळवा.

शिंदे काका, ए-२०१:
मी इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालो. मराठा लाइट इन्फंट्री, सतरा वर्षं. मला फटाक्यांचा काहीही त्रास होत नाही, आणि माझ्याबरोबरच्या कितीतरी जणांना होत नाही. तेव्हा कृपा करून सगळ्या फौजी लोकांकडे पेशंट म्हणून बघू नका. पण वैशालीच्या सासऱ्यांचं, आपल्या सुभेदार साहेबांचं, जे झालं ते मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय. आमच्या कंपनीतला एक जण गाडीचा टायर फुटला तरी जमिनीवर असायचा. त्याच्याइतका धाडसी माणूस मी दुसरा पाहिला नाही. याचा भित्रेपणाशी संबंध लावू नये, एवढंच मला सांगायचंय.

दुसरं, तोफखान्यातल्या बऱ्याच जणांचे कान गेलेले असतात. कानात सतत शिट्टी वाजते. ऐकायचं मशीन लावलेला माणूस लांबचा आवाज सहन करेल, पण जिन्यातला नाही. त्यामुळे जिन्यात टिकल्यासुद्धा नकोत.

डॉ. मीरा, सी-७०१:
शिंदे काका, अगदी बरोबर. शरीराने एकदा शिकलेलं असतं की असा आवाज आला की आधी पडायचं, विचार नंतर. त्या शिकण्यानेच तेव्हा जीव वाचलेला असतो. मेंदू ते सहजी विसरत नाही. आवाज येणार हे आधी कळलं की बराच फरक पडतो.

घरच्यांसाठी दोन-चार गोष्टी सांगते. असं झालं तर मागून हात लावू नका. समोर, जरा अंतरावर या आणि नाव घेऊन शांतपणे बोला. "बाबा, मी वैशाली. आपण घरी आहोत, पुण्यात. तो फटाका होता." दिवा लावा. पाणी द्या. "काय झालं, काय आठवलं" असं तेव्हा खोदून विचारू नका. रात्रीची झोप आठवडा-दोन आठवडे उडाली, माणूस घरातल्यांपासून तुटायला लागला किंवा पिणं वाढलं तर थांबू नका, मदत घ्या.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये तर सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी टेलि-मानसचा स्वतंत्र कक्ष इथे आपल्या पुण्यातच, एएफएमसीमध्ये (सैन्याच्या मेडिकल कॉलेजात) सुरू झाला. फोन बायकोने, सुनेने, मुलाने केला तरी चालतो. ज्याला त्रास आहे त्यानेच करायला हवा असं नाही. आणि कोणी जीव द्यायची भाषा केली तर त्याला एकटं सोडू नका, लगेच ११२ ला फोन.

एक विनंती सगळ्या पुरुष मंडळींना. रजेवर आलेल्या जवानाच्या पुढे घरोघरी ग्लास करू नका. झोपेची किंवा मनाची गोळी चालू असेल तर त्यावर दारू घातक ठरते, आणि गोळी चालू आहे हे तो तुम्हाला सांगणार नाही.

पूजा, सी-४०५:
मीरा काकू, थँक्यू. मी ग्रुपवर फारसं लिहीत नाही, आज लिहिते. आमचे हे यंदाही दिवाळीला नाहीत. उंचावरची पोस्ट आहे, कधी चार दिवस फोन लागत नाही. लिफ्टमध्ये भेटलं की सगळे काळजीने विचारतात, "कुठे आहेत सध्या? तिकडे काय चाललंय?" मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तर दिवसातून दहादा विचारायचे. मला खरंच सांगता येत नाही, आणि बऱ्याचदा मलाही माहीत नसतं. टीव्हीवर काहीतरी आलं म्हणून लगेच मला फॉरवर्ड करू नका. त्यांचा फोन लागत नसतो तेव्हा तो व्हिडिओ बघून रात्र कशी जाते ते मलाच ठाऊक.

आणि ते येणार असले की "अमुक युनिटचा आपला जवान अमुक गाडीने येतोय, स्वागत करू या" असे मेसेज कृपया टाकू नका. युनिट, जागा, गाडी, तारीख यातलं काहीच ग्रुपवर नको.

जोशी काका, सेक्रेटरी:
पूजा, मागच्या वेळी तो स्वागताचा मेसेज मीच टाकला होता. चुकलंच माझं. यापुढे होणार नाही.

शिंदे काका, ए-२०१:
रजेचं निघालंच आहे तर आणखी एक. जम्मूकडून येणारा पोरगा दोन रात्री गाडीत काढतो, त्यात रिझर्व्हेशन नसलं तर दारात बसून. पुण्यात उतरला की मित्राची मोटरसायकल घेऊन रातोरात सातारा-कोल्हापूर गाठायला बघतो. रजेतले चार तास वाचवायचे असतात हो त्याला. आमच्या गावातला एक असाच खंबाटकी घाटाच्या उताराला गेला, सीमेवरून धडधाकट आलेला. पूजा, साहेब येतील तेव्हा रात्री किती का वाजेनात, मला फोन कर. गाडी घेऊन स्टेशनला मी जाईन. बाकी कोणाचे भाचे-पुतणे उतरणार असतील तर त्यांनीही सांगा. रात्री इथे झोपू दे, सकाळी जाऊ दे.

पूजा, सी-४०५:
काका, नक्की करीन. 🙏 अजून एक गोष्ट मनात आहे. बाळ चार महिन्यांचं आहे. घरात तापाचं औषध संपलं तरी रात्री मला निघता येत नाही.

डॉ. मीरा, सी-७०१:
अगं, मी तीन मजले वर आहे! रात्री तीनला बेल मार. आणि सगळ्यांनाच सांगते, दिवाळीत ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकला सुट्ट्या लागून येतात. ईसीएचएसवर ज्यांची बीपी, शुगर, दम्याची औषधं चालू आहेत त्यांनी या आठवड्यातच उचलून ठेवा. दम्याच्या लोकांनी रात्री आठ ते अकरा खिडक्या बंद, पंप हाताशी. धुराला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क घ्या.

इमर्जन्सीत रेफरलसाठी पॉलिक्लिनिकला जाण्यात वेळ घालवू नका. पॅनेलवरचं जवळचं हॉस्पिटल असेल तर कार्ड घेऊन थेट जा. पॅनेलवरचं नसलं तरी जीव महत्त्वाचा, तिथेच दाखल करा, पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा आणि सगळी कागदपत्रं जपून ठेवा. न कळवल्यामुळे बिल अडकलेली घरं मी पाहिली आहेत. कार्ड कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवू नका, फोटो सुनेच्या, मुलाच्या मोबाइलमध्ये हवा.

जोशी काका, सेक्रेटरी:
आता आपल्या गेटवरच्या पवार मामांबद्दल. ते ग्रुपवर नाहीत, त्यांना विचारूनच लिहितोय. मामा माजी सैनिक आहेत, किती जणांना माहीत होतं? मलाही सहा महिन्यांपूर्वी कळलं, तेही त्यांची पेन्शन थांबली म्हणून. हयातीचा दाखला त्यांनी वेळेवर दिला होता, एका दुकानात पैसे देऊन. दुकानदाराने पेन्शन देणारी संस्था म्हणून त्यांची बँक निवडली. आता पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेतून येते, त्यामुळे दाखला भलत्याच ठिकाणी गेला. मामांच्या हातात पावती, ते निश्चिंत. पेन्शन बंद झाल्यावर तीन महिने त्यांनी कोणाला सांगितलं नाही. डबल ड्युटी करत होते. आपल्याला वाटत होतं माणूस कामाला वाघ आहे.

दाखला पुन्हा भरल्यावर थकबाकीसकट पैसे आले. पण ते तीन महिने मला आठवतात तेव्हा घास उतरत नाही.

तर स्पर्शवाल्यांनी जीवन प्रमाण (हयातीचा ऑनलाइन दाखला) भरताना पेन्शन देणारी संस्था म्हणून 'स्पर्श – पीसीडीए पेन्शन्स, अलाहाबाद' हेच निवडायचं, बँक नाही. मागच्या दाखल्याची मुदत कधी संपते तेही बघा. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत (नांगर आणि बंदूक धरलेल्या हातांचे नाहीच उमटत), त्यांच्यासाठी चेहऱ्यावरून होतं. मोबाइलवर 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन ॲप लागतात. उठता येत नसेल तर पोस्टमन घरी येऊन करून देतो.

निखिल, ए-६०२:
काका, हे मी आणि ए विंगमधली आम्ही चौघं करून देऊ. रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये बसतो. दुकानात जायचंच नाही.

शिंदे काका, ए-२०१:
शाब्बास. पोरांनो, फक्त एक जपा. ओटीपी ज्याचा त्यानेच बघून सांगायचा, तोही समोर बसून. या दिवसांत "स्पर्श ऑफिसमधून बोलतोय, दाखला राहिलाय, ओटीपी सांगा" असे फोन येतात. कोणी फसलाच तर लाजू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. जितका लवकर तितके पैसे अडवता येतात.

आणि गावाकडच्या लोकांसाठी. पेन्शन नसलेला, ६५ च्या पुढचा, हवालदार हुद्द्यापर्यंतचा कोणी माजी सैनिक हलाखीत असेल, किंवा त्याची विधवा, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून केंद्रीय सैनिक बोर्डाकडे अर्ज जातो. महिन्याला ४,००० मिळायचे, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० केलेत. दिवाळीला गावी जाल तेव्हा विचारा. हे म्हातारे स्वतःहून मागायला जात नाहीत. तालीम मिळालेली असते ना, की तक्रार करायची नाही.

सरोज काकू, सी-१०२:
मी सगळं वाचते आहे. आमच्याकडे दिवाळीत लोक यायला बिचकतात. मुलगा गेला त्याला अकरा वर्षं झाली. या तुम्ही. फराळ मी करते अजून, चिरोटे त्याला आवडायचे तसेच. फक्त शाल-नारळ आणि फोटो नको. नुसते येऊन बसा.

वैशाली, बी-३०४:
काकू, भाऊबीजेला सकाळी मी आणि पूजा येतो. बाळाला घेऊनच.

जोशी काका, लक्ष्मीपूजनाच्या रात्री गेटवर कोण? फटाक्यांची जागा गेटपासून लांब असली तरी रॉकेट त्याच बाजूला येतात. पवार मामांना विचाराल का, त्यांना त्या रात्री चालेल का?

जोशी काका, सेक्रेटरी:
विचारलं. "मला फटाक्यांचं काही नाही साहेब, पण नातीला भेटून वर्ष झालं," म्हणाले. त्यांना चार दिवस सुट्टी, पगारी. मी एजन्सीशी बोललोय. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गेटवर आम्ही कमिटीवाले पाळीपाळीने बसू.

वैशाली, बी-३०४:
बाबा माझ्या शेजारी बसून सगळे मेसेज वाचून घेतायत. विचारतायत, मोकळ्या जागेत वाळूच्या बादल्या किती आहेत, आणि बागेचा पाइप तिथपर्यंत पोहोचतो का? रॉकेटसाठी बाटली नको म्हणतायत, कलंडते. जमिनीत पाइपचा तुकडा पुरायचा, तोही जरा रस्त्याच्या उलट बाजूला झुकता. संध्याकाळी टेप घेऊन मोजायला खाली येणार आहेत. निखिल, सहाला येशील का?

निखिल, ए-६०२:
हो ताई, येतो. कुदळ घेऊन येतो.