नांगराचा दोर: निळ्याचा उन्हात भुगा, पांढरा पाण्यात ढिला. घ्यायचा कोणता?

हर्णै_बंदर
मंडळी, २४ फुटी फायबर होडी, आउटबोर्ड इंजिन, नांगर टाकतो ती खोली ७-८ मीटर. नांगराला १२ मिमी निळा दोर आहे. दोन उन्हाळ्यांत नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) पडून असलेला भाग खरखरीत झाला, हात फिरवला की पांढरी पूड हाताला लागते. नांगराकडचा, पाण्यात राहणारा भाग मात्र अजून नव्यासारखा. दुसऱ्या होडीवरचा पांढरा दोर उन्हात टिकतो, पण भिजला की रबरासारखा ताणतो. दुकानात दोन्ही ‘नायलॉन’ म्हणूनच मिळतात. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपायच्या आत नवा घ्यायचाय. हा फरक कशाचा, आणि दुकानात ओळखायचा कसा?

खारं_पाणी
आधी ओळख. निळा तो बहुतेक पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन नव्हेच. आपल्याकडे चकचकीत दिसणाऱ्या प्रत्येक दोराला नायलॉन म्हणायची खोड आहे, तिथेच घोळ होतो.

दोराचा बोटभर तुकडा कापा, पीळ सोडून तंतू मोकळे करा, साबणाच्या पाण्यात चोळा. हे चोळणं टाळू नका, तंतूंत हवा अडकली तर बुडणारा दोरही तरंगतो. मग बादलीतल्या गोड्या पाण्यात टाका. पाण्याची घनता १ धरली तर पीपीची ०.९१ आणि एचडीपीईची (जाड पॉलिथिनची) ०.९५, दोन्ही तरंगणार. नायलॉन १.१४ आणि पॉलिएस्टर १.३८, दोन्ही बुडणार.

बुडालेला तुकडा नायलॉन की पॉलिएस्टर हे मीठ सांगतं. एक लिटर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. त्या पाण्याची घनता १.२ च्या जवळ जाते. त्यात नायलॉन वर येतो, पॉलिएस्टर तळाशीच राहतो.

पीपी की एचडीपीई हे खोबरेलात बघता येतं, पण जपून. खोबरेल साधारण ०.९२. तुकडा तरंगला तर पीपी. बुडाला म्हणून लगेच एचडीपीई म्हणू नका, रंगाची भुकटी जास्त भरलेला पीपीसुद्धा बुडतो.

लांब_साखळी
आता भुग्याचं कारण. पीपीचा रेणू म्हणजे कार्बनची लांब साखळी, तिच्यात एकाआड एक कार्बनला मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) लटकलेला असतो. हे गट सगळे एका बाजूला आणायचं १९५४ साली इटलीच्या नट्टा या रसायनशास्त्रज्ञाला जमलं, म्हणून साखळ्या नीट रचल्या जातात, स्फटिक बनतात आणि पीपीचा मजबूत तंतू ओढता येतो. पण ज्या कार्बनवर मिथिल बसतो, त्याच कार्बनवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. अतिनील किरणांनी तो सुटला की तिथे हवेतला ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्साइड बनतं आणि साखळी मधेच तुटते. एक तुटताना शेजारचीही बिघडवते. दोराची ताकद साखळीच्या लांबीत असते. तुकडे झाले की तंतूची वरची साल ठिसूळ होते, तडकते, तीच तुमच्या हाताची पूड. पाण्याखाली ऊन कमी, गारवा जास्त, ऑक्सिजन थोडा, म्हणून तो भाग शाबूत राहिला.

निळा रंग म्हणजे संरक्षण नव्हे. काळ्या पाइपात २ ते २.५ टक्के काजळी घालतात ती उन्हासाठीच. पीपी घ्यायचाच तर यूव्ही स्टॅबिलायझर (अतिनील किरणांपासून वाचवणारं रसायन) घातलेला आहे का ते विचारा.

नायलॉनचं दुखणं वेगळं. त्याच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी त्या बंधांत शिरतं आणि साखळ्या सरकू लागतात. नायलॉन ६ बुडवून ठेवला तर वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी पितो. ओल्या दोराची ताकद १०-१५ टक्के घटते, तो जास्त ताणतो. सुकला की पूर्ववत. म्हणजे हा बिघाड नव्हे. पॉलिएस्टर अर्धा टक्काही पाणी पीत नाही, म्हणून तो ओला-सुका सारखाच.

हर्णै_बंदर
मग ताणणारा नायलॉन नांगराला चालेल?

खारं_पाणी
चालेल काय, तोच हवा. लाटेचा हिसका दोर ताणून खातो, नाहीतर तो सरळ नाळेवरच्या खुंट्याला बसतो. पीपी तरंगतो, म्हणून ढील पडली की दोर वर येऊन इंजिनाच्या पंख्यात गुंडाळतो. रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या) वरच्या दोराला मात्र पीपीच बरा, तिथे तरंगणं हेच काम.

नांगराला आधी ३-४ मीटर लोखंडी साखळी, मग दोर. खोलीच्या पाच ते सातपट सोडा, ८ मीटरला ४० ते ५६ मीटर. नवा १२ मिमी नायलॉन साधारण तीन टनाला तुटतो, पीपी दोनच्या आसपास. पण साधी गाठ मारलीत तर जवळजवळ अर्धी ताकद गेली. थिंबल (दोराच्या फाशात बसणारी खोबणीची कडी) बसवून दोराचे पीळ परत दोरातच गुंफा, पाच फेरे तरी. मग नुकसान दहा टक्क्यांच्या आसपास राहतं. नाळेवर घासतो तिथे जुन्या होजपाइपचा तुकडा चढवा.

टोक वितळवून बंद करताना बोटाने दाबू नका. नायलॉन २२० अंशांना वितळतो आणि कातडीला चिकटून बसतो.

तंगूस_१२
वरच्यांत एक भर. नायलॉनला आम्ल मुळीच चालत नाही, साखळीच तुटते. बॅटरीचं पाणी सांडतं त्या कप्प्यात दोर ठेवायचा नाही. दिसायला काही दिसत नाही, हिसक्याला तुटतो. आणि ऊन नायलॉनलाही खातंच, फक्त पीपीपेक्षा सावकाश. होडी किनाऱ्याला असताना दोरावर गोणपाट टाका.

तंगुसाला (गळाच्या नायलॉन दोरीला) गाठ आवळताना थुंकी लावतात, तेही उगीच नाही. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने तिथेच तापते आणि तंतू अशक्त होतो.

हर्णै_बंदर
दुकानातून पांढऱ्याचा तुकडा आणला. गोड्या पाण्यात बुडाला, मिठाच्या पाण्यात वर आला.

खारं_पाणी
म्हणजे नायलॉन. साखळीसकट ६० मीटर होईल एवढा घ्या. निळ्याचा खराब भाग कापून भंगारात द्या, समुद्रात टाकू नका. आणि नवा दोर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात खळबळून काढा, सुकलेल्या मिठाचे खडे आतून तंतू कापतात.