मदत हवी आहे : कागदावर नीट दिसणारा 'व' संगणकावर गेला की बिघडतो

रेघोट्या

वाचकगटासाठी लोगो करायचा आहे. कल्पना पक्की आहे : 'व'चा दंड म्हणजे पुस्तकाचा कणा, वाटी म्हणजे वळलेलं पान आणि पानावर मजकुराच्या तीन बारीक रेघा. पेन्सिलचं स्केच ३०० डीपीआयला स्कॅन करून इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रेस बिटमॅप' (चित्राच्या कडा आपोआप गिरवणं) केलं. अडचणी अशा :

१. वाटीची कड खडबडीत येते. एकट्या वाटीवर दीडशेहून जास्त नोड (रेषेला आकार देणारे बिंदू) आहेत. 'सिम्प्लिफाय' केलं की नोड घटतात, पण वाटी दंडाला मिळते तिथला कोपरा वितळतो.
२. दंड आणि शिरोरेषा एकाच जाडीची ठेवूनही शिरोरेषा जाड वाटते.
३. ब्राउझरच्या टॅबवरच्या आकारात तीन रेघांचा करडा डाग होतो.

खाली गटाचं नावही देवनागरीत येणार आहे. कुठून दुरुस्त करायला घेऊ?

बोरूवाला

स्केचपासूनच. ट्रेस करणारा प्रोग्राम काळ्या-पांढऱ्या पिक्सेलच्या सीमेवरून चालतो. कागदाचा दाणा कुठला आणि तुमची रेघ कुठली, हे त्याला कळत नाही. म्हणून दाणासुद्धा इमानदारीत उतरवतो. 'सिम्प्लिफाय' उलट टोकाला जातं, कारण मुद्दाम ठेवलेला कोपरा आणि चुकून आलेला उंचवटा त्याच्या लेखी सारखेच.

पेन्सिलच्या स्केचवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त बाह्यरेषा एकाच बारीक पेनाने काढा. शेडिंग नको. स्कॅनर नसेल आणि फोनने फोटो काढणार असाल, तर चित्राभोवती १० सेंमीचा चौरस आखून घ्या. फोटोत तो तिरका दिसला तर अक्षरही तिरकं आलंय असं समजा.

मग इंकस्केपमध्ये ते चित्र वेगळ्या लेयरवर ठेवा, अपारदर्शकता ४०-५० टक्के करा आणि लेयरला कुलूप लावा. वरच्या लेयरवर लाल, पोकळ रेषेने हाताने काढा :

दंड आणि शिरोरेषा आयताच्या टूलने. त्यांना पेन टूल लावूच नका, हात कितीही स्थिर असला तरी.

वाटीची बाहेरची आणि आतली कड स्वतंत्र काढा. एकच जाड रेष (स्ट्रोक) देऊन बोरूची जाड-बारीक लय येत नाही. प्रत्येक कडेला चार-पाच नोड पुरतात आणि ते वळणाच्या टोकांवर हवेत : सगळ्यात डावीकडे, सगळ्यात वर, सगळ्यात खाली. तिथले हँडल (नोडमधून निघणारे, वळण ठरवणारे दांडे) पूर्ण आडवे किंवा पूर्ण उभे ठेवा. ओढताना कंट्रोल दाबून धरलं की ते अडकत अडकत सरळ बसतात. पाव वर्तुळासाठी हँडलची लांबी त्रिज्येच्या साधारण ०.५५ पट असते. तिथून सुरू करा आणि स्केचप्रमाणे ताणा. आतल्या कडेचे नोड बाहेरच्या नोडांच्या समोर ठेवले तर जाडी थेट मोजता येते.

वाटी दंडाला मिळते तिथला नोड टोकदार प्रकारचा (शिफ्ट+सी), बाकीचे गुळगुळीत (शिफ्ट+एस). तुमचा कोपरा तिथेच वाचेल.

आणि रेषा स्केचवर तंतोतंत बसलीच पाहिजे असा हट्ट नको. हाताची थरथर गिरवायची नसते.

शून्य_अंश

ऑटोट्रेस सरसकट वाईट नाही. कोरड्या कुंचल्याचा फटकारा जसाच्या तसा हवा असेल तर तेच वापरावं. इथे मात्र आकार भूमितीकडे झुकणारा आहे, त्यामुळे हातानेच.

दुसऱ्या अडचणीत मापं बरोबर आहेत, पण डोळा आडव्या रेषेला जाड धरतो. शिरोरेषा दंडापेक्षा ५ ते १० टक्के बारीक करून बघा. वाटीचं उलटं : वळणाचा सर्वांत जाड भाग दंडापेक्षा किंचित जास्त जाड लागतो, नाहीतर अशक्त दिसतो. वाटी दंडाला भिडते तिथे रेष निमुळती करा. तसं केलं नाही तर लहान आकारात तिथे काळा गोळा जमतो.

हे सगळं काळ्या-पांढऱ्यातच करा. रंग आत्ताच भरलात तर आकारातले दोष झाकले जातात.

रेघोट्या

हाताने काढलं, वाटी सहा नोडांत बसली. आता स्क्रीनवर दंड आणि वाटीच्या मध्ये केसाएवढी पांढरी रेघ दिसते. झूम केलं की जाते, कमी केलं की परत येते.

बोरूवाला

दोन आकार कडेला कड लावून ठेवलेत म्हणून. त्या सीमेवरचा पिक्सेल दोन्ही आकार अर्धा-अर्धा रंगवतात आणि मधून पार्श्वभूमी डोकावते. वाटी दंडाच्या आत थोडी सरकवा, मग तिन्ही आकार निवडून 'युनियन' (सगळ्यांचा मिळून एकच आकार) करा. त्याआधी फाइलची प्रत ठेवा, कारण युनियननंतर दंडाची जाडी बदलणं कटकटीचं होतं. झाल्यावर कंट्रोल+५ ने नुसत्या बाह्यरेषा बघा, आत एकही उरलेली रेघ दिसता कामा नये.

नावातल्या अक्षरांचंही तेच. मजकूर पाथमध्ये (नुसत्या बाह्यरेषांच्या आकारात) बदलला की प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचा तुकडा वेगळा राहतो. पारदर्शकता किंवा बाहेरची किनार दिली की सांधे उघडे पडतात. तिथेही युनियन.

शून्य_अंश

मजकूर पाथमध्ये न बदलता एसव्हीजी (इंकस्केपची चित्रफाइल) पाठवू नका. समोरच्याकडे तो फाँट नसेल तर दुसराच येतो. कोणी इलस्ट्रेटर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप करणार असेल, तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोजर (अक्षरं जुळवणारा पर्याय) निवडायला सांगा. तो नसला की जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते.

तिसऱ्या अडचणीचं गणित सोपं आहे. एक रेघ लोगोच्या उंचीच्या ४०व्या हिश्शाएवढी असेल, तर टॅबवरच्या १६ पिक्सेलमध्ये ती ०.४ पिक्सेल होते. अर्धा पिक्सेलही न मिळणारी रेघ करडीच दिसणार. त्यामुळे लहान आकारासाठी वेगळी आवृत्ती करा : तिन्ही रेघा काढून टाका, वाटीतली पोकळी मोठी करा, १६ पिक्सेलच्या पानावर दंड बरोबर २ पिक्सेलचा ठेवा आणि त्याच्या कडा पिक्सेल ग्रिडला चिकटवा. ३२ पिक्सेललाही हीच चालेल. मोठ्या आवृत्तीत रेघा तीनऐवजी दोन केल्या तरी पान ओळखू येईल असं मला वाटतं.

गडद पार्श्वभूमीवरचा पांढरा लोगो जाड भासतो, त्यासाठी आकार किंचित आत घेतलेली प्रत ठेवा. मग १५ मिमी आणि ५० मिमी उंचीचे प्रिंट काढून बघा. छपाईला पीडीएफ द्या आणि काळा रंग फक्त के १०० (नुसती काळी शाई, शंभर टक्के). चार शाई मिळून केलेल्या काळ्यात एखाद्या शाईची छपाईची प्लेट जराशी सरकली तरी बारीक रेघांना रंगीत किनार दिसते.