कोजागिरीचं उरलेलं दूध: पनीर रवाळ का झालं?

नमस्कार मंडळी,

परवाच्या कोजागिरीचं न उघडलेलं दोन गॅलन दूध आमच्या फ्रीजमध्ये आलंय. रविवारी मराठी शाळेतल्या मुलांच्या जेवणाला मटार-पनीर करावं असं मनात आहे. आधी घरातल्या ऑरगॅनिक दुधाच्या एका खोक्यावर करून पाहिलं, तर गोळाच जमेना. फडक्यात ओल्या रव्यासारखं काहीतरी उरलं आणि रश्श्यात टाकल्यावर पार विरघळलं. लिंबू कमी पडलं असं वाटून आणखी दोन पिळली, तर आंबटढाण! मंडळाचं दूध असं वाया जायला नको. कुणी सांगेल का?

---

अगं, तुझ्या हाताचा काही दोष नाही. त्या खोक्यावर ‘अल्ट्रा-पाश्चराइज्ड’ लिहिलंय का बघ. इथलं बरंचसं ऑरगॅनिक दूध तसलंच असतं, म्हणून तर इतके दिवस टिकतं. साधं दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, हे थेट १३८ अंशांवर नेतात, २ सेकंदांसाठी. त्या आचेने दुधातली बाकीची प्रथिनं केसिनला, म्हणजे ज्याचं पनीर बनतं त्या मुख्य प्रथिनाला, चिकटून बसतात. मग दाणे पाणी धरून ठेवतात, एकमेकांना धरत नाहीत. मीही पहिल्या वर्षी अशीच रडकुंडीला आले होते.

मंडळाचे गॅलन साध्या पाश्चराइज्ड होल मिल्कचे असतील तर बिनधास्त कर. जाड बुडाच्या पातेल्यात सतत ढवळत उकळी आण, गॅस बंद कर आणि दोन-तीन मिनिटं थांब. एका गॅलनला साधारण अर्धी वाटी लिंबाचा रस लागतो. त्यात तेवढंच पाणी घाल आणि चमचा-चमचा सोड. आता ढवळायचं अगदी हलक्या हाताने, नाहीतर चोथा बारीक होतो. नजर पाण्यावर ठेव. ते दुधट आहे तोवर आणखी एक चमचा. हिरवट-पिवळं, नितळ दिसलं की तिथेच हात थांबव, रस उरला तरी उरू दे. पंच्यात ओतून वरून गार पाणी घाल, आंबटपणा निघून जातो. मग पुरचुंडी बांधून वर पाण्याने भरलेला कुकर ठेव, अर्धा तास पुरे. शेवटी लादी दोन तास बर्फाच्या पाण्यात बुडव. सुरी फिरवशील तेव्हा कडा तुटणार नाहीत.

एक मात्र सांगते, गावाकडच्या म्हशीच्या दुधाच्या पनीरसारखं घट्ट हे होणार नाही. त्या दुधात स्निग्धांशही जास्त आणि केसिनही. गाईच्या दुधाचं मऊच राहतं, मुलांना तेच आवडतं.

---

काकू, खाली राहिलेल्या पाण्याचं काय करता? आमच्याकडे सरळ सिंकमध्ये जातं.

---

अरे, ओतू नकोस रे! कणीक भिजव त्यात, पोळ्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. उरलेलं आमटीत घाल, फक्त मग चिंच-कोकम बेताने.

---

काकू, खोक्यावर तेच लिहिलेलं निघालं! काल दोन्ही गॅलनचं केलं, सव्वा किलोच्या आसपास भरलं. पाणी नितळ झालेलं पाहिलं आणि तुमचं ऐकून थांबले, पाऊण वाटीतच काम झालं. लादी पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलीय, रोज पाणी बदलतेय. रश्श्यासाठी कुणी दोन पिशव्या फ्रोझन मटार आणाल का? शाळेत साडेदहापर्यंत चालतील.