दुःखाला गुरू म्हणणाऱ्यांनो, खराबातची गल्ली कुठे गेली?

खर्जातला सा
परवा एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचली. पोर्तुगालात आसरा मिळालेल्या अफगाण संगीतशाळेच्या मुलामुलींचा फोटो, खाली मजकूर: युद्ध झालं नसतं, देश सुटला नसता, तर ही पोरं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलपर्यंत पोचली असती का? दुःख हाच कलेचा खरा गुरू. खाली बदामांची रास. डोकं सणकलं म्हणून लिहितोय.

हीच शाळा 2013 साली कार्नेगी हॉलमध्ये वाजवून आली होती. काबूलहून गेली, काबूलला परतली. अहमद सरमस्त यांनी ती 2010 मध्ये उघडली, मुलं-मुली एका वर्गात, रबाब ह्या अफगाण तंतुवाद्याशेजारी व्हायोलिन. डिसेंबर 2014 मध्ये ते नाटक बघत असताना सभागृहात आत्मघाती स्फोट झाला, कान गेले. उपचारांनी थोडं ऐकू यायला लागल्यावर माणूस पुन्हा शाळेत हजर. हे सगळं देशात राहून चाललं होतं. 2021 च्या ऑगस्टमध्ये तालिबान आले आणि सुमारे पावणेतीनशे माणसांना चंबूगबाळं आवरून निघावं लागलं. ह्याला बहर म्हणायचं?

आणि खराबात? 1860 च्या दशकात अमीर शेर अली खानाने आपल्याकडचे गवई-वादक काबूलला नेले, त्यांच्या वंशजांची ही गल्ली. गायक उस्ताद कासिम तिथलेच. गायक सरहंग पतियाळा घराण्याची तालीम घेऊन तिथेच परतले. 1992 नंतरच्या यादवीत रॉकेटांनी ती गल्ली भुईसपाट केली. गवई पेशावरला पळाला, वाचला, मान्य. पण रात्री दोन वाजता भिंतीपलीकडून 'ती सुरांची जागा पुन्हा घे' म्हणणारा शेजारी पेशावरला कुठून आणणार?

उलटी तिहाई
सा, तुम्ही प्रत्येक वेळी श्राद्धालाच बसता. 1996 ते 2001, तालिबानच्या पहिल्या संगीतबंदीत, काबूलच्या नाक्यांवर कॅसेटच्या फिती तोरणासारख्या लटकत होत्या. त्या काळात अफगाण संगीत जिवंत होतं कुठे? पेशावरच्या डबगरी बाजारात, हॅम्बुर्गच्या लग्नांत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये. बाहेर पडले म्हणूनच टिकलं. पोस्ट भंपक असेल, पण तुम्ही दुसऱ्या टोकाला जाऊन बसलात.

खर्जातला सा
हॅम्बुर्गच्या लग्नांत कीबोर्ड असतो हो. जाऊन बघा.

उलटी तिहाई
मग असू दे की! आपल्या लग्नांत काय पखवाज असतो?

दादरची पेटी
बंदीचा विषय निघालाच आहे तर एक विचारतो. तालिबानने वाद्यं जाळली की सगळे हळहळतात. आपल्या आकाशवाणीवर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी होती, त्याबद्दल कोण रडलं? म्हणे मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) निघत नाही, म्हणे परकी. बंदी उठल्यावरही एकल वादनाला बराच काळ मज्जाव. माझे वडील नाटक कंपनीत पेटी वाजवायचे. कंपनी मोडली, गावातल्या एका संगीतवर्गात नोकरी मागायला गेले, तर चालक म्हणाले, 'रेडिओ ज्याला वाद्य मानत नाही ते आम्ही शिकवत नाही.' पुढची बावीस वर्षं त्यांनी किराणा दुकानात हिशेब लिहिला. आपल्याच गावात हद्दपार.

उलटी तिहाई
आलं! पेटी आली! लोकांचे जीव गेलेत आणि तुम्ही तुमचं किराणा दुकान काय काढून बसलात?

दादरची पेटी
तोंड सांभाळून. ते दुकान माझ्या बापाचं आयुष्य होतं.

सदाशिवी चष्मा
पेटीबाबत मी आकाशवाणीच्या बाजूने आहे. बारा सुरांच्या ठोकळ्यात श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, कशा बसवणार? पेटीने आपल्या गवयांचे कान बिघडवले ते आजवर.

दादरची पेटी
कोणाचे कान? संगीत नाटक पेटीशिवाय उभं राहिलं असतं का? सारंगी परवडत होती का तालुक्याच्या कंपनीला?

(यापुढचे चौदा प्रतिसाद श्रुतींवर, दोन उडवले गेले.)

कोथरूडची वहिनी
तुमचं श्रुतीपुराण आटपलं असेल तर बोलते. 2019 ते 2022 आमच्या वरच्या खोलीत काबूलचा मुलगा भाड्याने होता. पुण्यात शिकायला आलेले अफगाण विद्यार्थी काही कमी नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. त्याच्याकडे आजोबांचा लहानसा रबाब. तुतीच्या एका ओंडक्यातून कोरलेला, पोटावर बकऱ्याचं कातडं. पुण्याच्या पावसात ते कातडं सैल पडायचं आणि आवाज डबक्यात दगड टाकल्यासारखा यायचा. मग तो माझा केसांचा ड्रायर मागून न्यायचा. लांबून, हळूहळू, पोळी फुलवतात तसा फिरवायचा. मध्येच नखाने टिचकी मारून कान लावायचा.

आमच्या सोसायटीत गणपतीत त्याला वाजवायला बोलावलं. सगळ्यांनी तेच एक हिंदी गाणं मागितलं, 'काबुलीवाला'तलं 'ऐ मेरे प्यारे वतन'. वाजवलं बिचाऱ्याने. दुसऱ्या वर्षी परत तेच. तिसऱ्या वर्षी तो खोलीतून खालीच आला नाही. मला म्हणाला, 'वहिनी, मला लग्नातलं वाजवायचं असतं, आणि सगळ्यांना मी रडताना बघायचं असतं.' काबूल पडलं त्यानंतर चार महिने त्याने रबाबाला हात लावला नाही. सांगायचं एवढंच, दुःखाने त्याला काही शिकवलं नाही. गप्प केलं.

उलटी तिहाई
वहिनी, एका मुलावरून सिद्धान्त होत नाही.

कोथरूडची वहिनी
मी सिद्धान्त मांडलाच नाही. तुम्ही मांडताय.

खर्जातला सा
वहिनींनी माझंच म्हणणं माझ्यापेक्षा बरं सांगितलं. आणि युद्धातून कला जन्मते म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की तालिबानचेही तराणे, म्हणजे लढाईची गाणी, असतात. वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यावर. हाही युद्धातूनच आलेला बहर. द्या बदाम.

उलटी तिहाई
हा मुद्दा चलाख आहे, देतो तुम्हाला. पण मग 1974 चं सिअ‍ॅटल घ्या. काबूलचे मोहम्मद उमर रबाबावर, साथीला तबल्यावर तरुण झाकीर हुसेन. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मैफलीचं ध्वनिमुद्रण झालं म्हणून आज आपण ते ऐकतो. काबूलमध्येच राहिलं असतं तर?

खर्जातला सा
अहो, 1974 ला कुठलं युद्ध? कुठली हद्दपारी? उमर पाहुणे म्हणून गेले होते, शिकवायला. मी हेच तर कोकलतोय! माणूस स्वखुशीने गेला, वाजवलं, घरी आला. तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटलं.

उलटी तिहाई
ठीक. ते उदाहरण मागे. पेशावर मागे घेणार नाही.

खर्जातला सा
पेशावर तुमचं. मी कुठे नाही म्हणालो? पोरांनी वाजवावं, पोर्तुगालात काय, चंद्रावर वाजवावं. फक्त त्याचं श्रेय बॉम्बला देऊ नका.

दादरची पेटी
एक राहिलं. जुलै 2023 मध्ये हेरातला वाद्यं जाळली त्याच्या बातम्या नीट वाचा. ढिगाऱ्यात गिटार होती, तबला होता आणि पेटीही होती. काबूलचे गझल गाणारे पेटी स्वतःच वाजवतात. त्यांना तिच्यात श्रुती सापडल्या बहुतेक.

सदाशिवी चष्मा
जाळण्याचं समर्थन मी केलेलं नाही. श्रुतींचा मुद्दा तसाच उभा आहे.

मिरजेचा भोपळा
वहिनी, तो रबाब आता कुठाय?

कोथरूडची वहिनी
माझ्याकडेच. तो जर्मनीला गेला तेव्हा सामानाचं वजन जास्त भरत होतं. 'नेईन नंतर' म्हणाला. गेल्या पावसाळ्यात कातडं घोडीपाशी (तारा टेकतात त्या पट्टीपाशी) फाटलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

मिरजेचा भोपळा
आमच्याकडे सतार-तंबोऱ्याचं काम, कातड्याचं नाही. पण सरोद मढवणारे ओळखीचे आहेत, जमेल. तारा उतरवून पाठवा, घोडी वेगळी कापडात बांधा. आणि ड्रायर लावू नका आता, फाट वाढेल.