मदत हवी आहे: दशावताराचं रेकॉर्डिंग १८ जीबीचं, एक्स्पोर्ट मात्र ४२ जीबीचं

सुरंगी:
नमस्कार. एक्स्पोर्टमधलं मला फारसं कळत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

डिसेंबरात आमच्या गावच्या जत्रेत बाबांच्या मंडळाचा दशावतार (आमच्याकडचं लोकनाट्य) झाला. बाबा गेली कित्येक वर्षं आडदशावतारात, म्हणजे आख्यानाच्या (मुख्य कथेच्या) आधीच्या भागात, संकासुर या असुराची भूमिका करतात. आता गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे ही त्यांची शेवटची जत्रा. मी देवळासमोर ट्रायपॉडवर फोन लावला आणि आडदशावतार व आख्यानातले मुख्य प्रवेश घेतले. एकूण २ तास २० मिनिटं, १०८०पी, ३० फ्रेम. सगळ्या क्लिपा मिळून १८ जीबी.

एडिटरमध्ये फक्त क्लिपा जोडल्या आणि सुरुवातीला मंडळाचं नाव टाकलं. एक्स्पोर्ट झालेली फाइल ४२ जीबी! ती ६४ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर टाकायला गेले तर ‘फाइल फार मोठी आहे’ असं सांगून कॉपीच होईना.

मग एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) निवडून बिटरेट २ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) केला. फाइल २.३ जीबी झाली, पण काकांच्या टीव्हीवर नुसता आवाज, चित्र नाही. लॅपटॉपवर दिसतं, पण बाबा नाचत येतात तिथेच त्यांचा काळा पोशाख आणि मागचा काळोख एक होऊन चौकोन उमटतात. बाकीचे प्रवेश बरे आहेत, नेमका तोच गेला.

मंडळातल्या चौदा जणांना पेनड्राइव्ह द्यायचेत आणि बहुतेकांचे टीव्ही जुने आहेत. काय सेटिंग ठेवू? आणि १८ चे ४२ झाले कसे?

रात्रपाळी:
आधी एक काम करा. फोनमधल्या मूळ क्लिपा दुसऱ्या हार्डडिस्कवर कॉपी करून ठेवा आणि काही झालं तरी पुसू नका. पुढचा प्रत्येक प्रयोग त्यांच्यावरूनच करायचा, २.३ जीबीच्या फाइलवरून नाही. त्यातून गेलेला तपशील बिटरेट वाढवून परत येत नाही.

आता ४२ जीबीचं. फाइल किती मोठी होणार हे दोनच गोष्टींवर ठरतं: बिटरेट आणि वेळ. सेकंदाला किती मेगाबिट, गुणिले सेकंद, भागिले ८ (८ बिटांचा एक बाइट). तुमचे ८४०० सेकंद. १८ जीबीवरून उलटा हिशेब केला तर फोनने साधारण १७ एमबीपीएसने रेकॉर्ड केलंय. ४२ जीबी म्हणजे एडिटरने ४० ने लिहिलंय. एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘४००००’ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) असा आकडा असेल, बघा. मूळ फाइल केवढी होती याच्याशी एडिटरला काही देणंघेणं नसतं. तो चित्र उलगडतो आणि सांगितलेल्या बिटरेटने नव्याने बांधतो. त्यामुळे फाइल फुगली तरी चित्र मुळापेक्षा तसूभरही चांगलं होत नाही.

सुरंगी:
हो, ४०००० च आहे! मी त्याला हातही लावला नव्हता.

चौकट:
टीव्हीचं मी सांगतो. एमपी४ हा नुसता डबा आहे, आत कोणत्या कोडेकचा (चित्र-आवाज दाबायच्या आणि उलगडायच्या पद्धतीचा) माल आहे ते बाहेरून कळत नाही. एच.२६४ हे मानक २००३ चं, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ हे २०१३ चं. नव्या कोडेकला तेवढ्याच दर्जासाठी साधारण निम्मा बिटरेट पुरतो हे खरं, पण टीव्हीतल्या चिपला तो उलगडता आला पाहिजे. काकांच्या टीव्हीला आवाजाचा एएसी कळला, चित्राचा एचईव्हीसी कळला नाही, म्हणून नुसता आवाज. चौदा घरांत चालायला हवं असेल तर एच.२६४ च घ्या.

पेनड्राइव्हचं कारण वेगळं. तो फॅट३२ या जुन्या फाइल-मांडणीत फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, पेनड्राइव्ह कितीही मोठा असो. एक्सफॅट ही नवी मांडणी केली तर मावेल, पण जुने टीव्ही बरेचदा तो पेनड्राइव्ह वाचतच नाहीत. फॅट३२ राहू द्या आणि फाइलचे भाग करा.

रात्रपाळी:
संकासुराच्याच प्रवेशात चौकोन का आले, हे नीट समजून घ्या. कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही, आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच लिहितो. पात्र बसून संवाद म्हणतंय तोवर खर्च कमी. नाच सुरू झाला की खर्च वाढतो. त्यात रात्रीचं शूटिंग. अंधारात फोनच्या चित्रात जे बारीक दाणे वळवळतात ते दर फ्रेमला वेगळे असतात, आणि कोडेकला तीही हालचालच वाटते. २ एमबीपीएसमधले निम्मेअधिक बिट त्या दाण्यांनीच खाल्ले असतील. शिवाय काळ्या भागातले सूक्ष्म फरक कोडेक सगळ्यात आधी टाकून देतो. काळ्यावर काळं, त्यात नाच, त्यात दाणे, सगळं एकाच प्रवेशात आलं.

म्हणून सगळीकडे सारखा बिटरेट देऊ नका. आडदशावतार किती मिनिटांचा आहे?

सुरंगी:
३५ मिनिटं. आख्यान १ तास ४५ मिनिटं.

रात्रपाळी:
छान, मग तीन फाइली करा. आडदशावतार एका फाइलमध्ये, १२ एमबीपीएस. आख्यान मध्यावर, प्रवेश संपतो तिथे तोडा आणि दोन्ही भागांना ८ द्या. तिन्ही फाइली साधारण ३.२ जीबीच्या होतील. फॅट३२ लाही चालतील आणि १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर आरामात बसतील. एच.२६४, ३० फ्रेमच, ६० करू नका.

एडिटरमध्ये दोन पासचा पर्याय असेल तर तो घ्या. पहिल्या फेरीत कुठे खर्च जास्त हे बघून दुसऱ्या फेरीत बिट तसे वाटले जातात. नसेल तर हँडब्रेक हा प्रोग्राम फुकट आहे, त्यात सरासरी बिटरेट निवडून मल्टी-पास करता येतं. तिथेच डीनॉइज (दाणे पुसायची सोय) आहे, पण अगदी हलकं ठेवा. जास्त केलं की चेहऱ्यावरची रंगरंगोटी मेणासारखी गुळगुळीत होते, आणि दशावतारात तीच तर बघायची असते.

आवाजावर कंजुषी नको. पूर्ण रेकॉर्डिंगला १९२ केबीपीएस म्हणजे जेमतेम २०० एमबी. त्यापेक्षा फार खाली गेलात तर झांज आधी फाटते.

चौकट:
पूर्ण एक्स्पोर्टआधी नाचाचा एकच मिनिट काढून काकांच्या टीव्हीवर लावून बघा.

सुरंगी:
काल रात्री एक मिनिट काढला, आज तिन्ही फाइली झाल्या. ३.२, ३.२ आणि ३.३ जीबी. काकांच्या टीव्हीवर चित्र आलं. चौकोन नाहीत, काळ्या पोशाखाच्या चुण्याही दिसतात. बाबांनी तो प्रवेश दोनदा मागे घेऊन बघितला, दुसऱ्यांदा मृदंगाच्या ठेक्यावर पाय हलत होता.

पहिला पेनड्राइव्ह मृदंग वाजवणाऱ्या काकांना देऊन आले. उरलेले तेरा रविवारी. देव बरें करो.